क्लेर नावाचा अर्थ

मुलीचं नाव क्लेर का ठेवलं, हे शंभरदा सांगून झालंय. तरी चाळीत कोणी नवा आला की तुम्ही त्याला माझ्यासमोर आणून बसवता. सांगतो, पण मधे बोलायचं नाही. एक किस्सा काढला की मागून चार येतात, त्याला माझा इलाज नाही.

*

अंधेरीला काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात मी तपासायला होतो. ट्यूबलाइटसमोर बाटली धरायची, आत बुडबुडा दिसला की फोडायची. शिक्षण चौथी, पण नजर पक्की.

ऐंशीच्या सुमारास नवी भट्टी बसवायला फ्रान्सचा साहेब आला. त्याच्या पाकिटात मुलीचा फोटो. नाव क्लेर. अर्थ काय, मी विचारलं. आमच्या सावंत फोरमनला इंग्रजी यायचं. साहेबाला विचारून त्यानेच सांगितलं, "जुन्या लॅटिन भाषेतलं आहे. म्हणजे उजळ, स्वच्छ."

साहेबाने मी पास केलेली बाटली उजेडात धरली. सावंत म्हणाला, "अशी, म्हणतोय साहेब."

त्याच महिन्यात मला मुलगी झाली.

*

बारशाला माझी बहीण सुशी अडून बसली. बाळाच्या कानात नाव आत्यानेच सांगायचं ना! "दादा, मी हे असलं सांगणार नाही. शेवंती ठेव."

"मग घुगऱ्यांना हात लावू नकोस."

सुशीने पातेल्याकडे बघितलं आणि पाळण्यात वाकली.

*

शाळेत बाईंनी विचारलं, "ख्रिश्चन का?"

"नाही, राजापूरचे."

मी अर्थ सांगितला. बाईंनी पोरीकडे पाहिलं. नाकाला शेंबूड, फ्रॉकवर आमरस.

"लिहिते," बाई म्हणाल्या.

*

एकदा डबा खाताना सावंत सगळ्यांसमोर म्हणाला, "भिकू, नाव उजळ ठेवून पोर उजळत नाही. शेवटी बाटल्या बघणाऱ्याचीच."

सगळे हसले. मी डबा बंद केला. "माफी माग."

"पोरीने काही करून दाखवू दे, मग मागतो."

*

क्लेर आठ वर्षांची असताना कारखान्यात सत्यनारायण होता. सगळ्यांची बायकापोरं आलेली. टेबलावर फ्रान्सला पाठवायच्या नमुन्याच्या बाटल्या मांडलेल्या. सावंतने स्वतः निवडलेल्या, मला हात लावू दिला नव्हता.

मालक सावंतची पाठ थोपटत होते. पोरीने एक बाटली उचलली, ट्यूबलाइटसमोर धरली, सावकाश फिरवली.

"बाबा, ही फोडायची ना?"

मालकांनी बाटली घेतली. तळाशी मोहरीएवढा बुडबुडा. त्यांनी ती सावंतच्या हातात दिली. सावंतने ती बराच वेळ बघितली, खाली ठेवली आणि प्रसाद न घेता निघाला.

दत्ताराम सावंत. माफी अजून मागितलेली नाही. हल्ली मुलुंडला असतो.