जर्मन पाहुण्याचं उत्तर
ओल्या रंगाचा वास आला की आमच्या जोहे गावातला तो दिवस आठवतो. आमच्या गणपतीच्या कारखान्यात एक जर्मन प्राध्यापक आले होते. आधी बँकेतले बडे साहेब, मग खुर्ची सोडून शिकवायला लागलेले. मलाही रोह्याच्या बँकेत नोकरी लागली होती, पण माझा जीव मूर्तींचे डोळे आखण्यात, आणि ते काम बाबा कुणालाच देत नसत. बाबा म्हणाले, “विचार गो त्यांना, बँक सोडल्याचा पस्तावा होतो काय?” मी इंग्रजीत विचारलं. ते हसून बोलले. “कधीच नाय म्हणतात, बाबा!” मी ओरडलेच. बाबांनी हातातला बारीक ब्रश माझ्यापुढे धरला. आजवर मी हजारो गणपतींचे डोळे आखले. पण पाहुणे खरं तर ‘कधीकधी होतो’ म्हणाले होते, हे बाबांना अजून सांगितलेलं नाही.