अक्षता पडण्याआधी

त्या वर्षी संक्रांतीच्या जत्रेत, अक्षतेच्या दिवशी, मी सिद्धरामाच्या देवळाकडे गेले ती हात जोडायला नव्हे, भांडायला. देव आहे की नाही, याचीच मला शंका येऊ लागली होती. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. नवरा गेल्यावर मी सोलापुरात घरातच शिवणाचा क्लास चालवत होते. आसपासच्या विणकरांच्या मुली यायच्या, मला अक्का म्हणायच्या, त्यांत पद्मा होती, चौदा-पंधरा वर्षांची. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळायची. घरात तेलुगू, माझ्याकडे मराठी, आणि दोन्ही भाषांत पोरीचं तोंड सारखंच चालायचं. दिवाळीनंतर मात्र तिची बडबड थांबली. मशीनवर मान खाली घालून बसायची आणि हाक मारली की दचकायची.

कारण मला दिसत होतं. गल्लीत एक माणूस येऊ लागला होता. वय तिशीचं, कपाळाला ठळक विभूती, जिभेवर साखर. आपण इथलेच, सिद्धरामाचे भक्त, असं सांगायचा. पद्माच्या आईला ताई म्हणायचा आणि मुलीला मुंबईत नर्सिंगच्या शाळेत लावून देतो म्हणायचा. पोरीला आधी रिबिनी दिल्या, मग चपला, मग स्टुडिओत नेऊन फोटो काढला. त्यानंतर हळूहळू तिच्या कानाशी लागला. आईबाप तुला कुठल्या तरी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधतील, तुझं असं माझ्याशिवाय कोणी नाही, मैत्रिणींशी बोलू नको, अक्काला काही सांगू नको. हे शब्द मला नंतर कळले, पण माणसाचा वास तेव्हाच आला होता. तिच्या आईला सांगायला गेले, तर आमचं चांगलं तुम्हाला बघवत नाही, असं ऐकून परत आले. चौकीवरच्या हवालदाराने विचारलं, घरच्यांची तक्रार नाही, मग तुम्ही कोण? आणि माझे दीर म्हणाले, विधवा बाईने लोकांच्या घरात नाक खुपसू नये, उद्या पोरीचंच नाव खराब होईल. नाव खराब करणारा उजळ माथ्याने फिरत होता, आणि गप्प बसायचं ते आम्ही. माझं डोकं फिरलं होतं ते यामुळे.

अक्षतेच्या दिवशी सकाळी पद्मा परकर घेऊन आली. आतून चोरखिसा लावून द्या अक्का, म्हणाली. आमच्याकडे बायका गावाला जाताना असा खिसा लावून घेतात. जत्रेतल्या खिसेकापूंच्या भीतीने म्हणावं, तर या पोरीजवळ कापून नेण्यासारखं होतं काय? मी खिसा शिवायला घेतला आणि मुद्दाम वेळ लावला. शेवटी तिच्याच डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने सगळं सांगितलं. त्याने तिला देवळाच्या तळ्याकाठी बोलावलं होतं. गर्दीतून टांग्याने होटगीला जायचं आणि तिथून गाडी धरायची, म्हणजे सोलापूर स्टेशनवर कोणी ओळखणार नाही. आली नाहीस तर फोटो गल्लीभर दाखवून वाट्टेल ते सांगेन, असा दम दिला होता. जाऊ नकोस म्हणून मी तिचा हात धरला, तर हिसडा मारून परकर घेऊन ती पळाली.

मी तशीच चपला अडकवून निघाले. सगळं सोलापूर त्याच दिशेने चाललं होतं, पांढऱ्या बाराबंद्या घातलेली माणसं, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया. चालता चालता मी देवाला सुनावत होते. सिद्धरामा, कुंभाराच्या लेकीने तुझ्याशीच लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा तू तिला हात लावला नाहीस. आपला योगदंड पुढे केलास, त्याच्याशी तिचं लग्न लावलंस आणि तिचाही मान राखलास. त्या लग्नाच्या अक्षता आम्ही दरवर्षी टाकतो. आज तुझ्याच मांडवातून माझी पोर कोणी ओढून नेली, तर पुन्हा तुझी पायरी चढणार नाही. माझ्याच्याने होईल तेवढं मी केलं, आता तू बघ.

तळ्याकाठच्या मांडवाशी ती मला दिसली, पण दूर, गर्दीच्या पलीकडे. त्याने तिचं मनगट धरलं होतं. मी पुढे घुसायला लागले आणि तेवढ्यात सम्मतीचं, म्हणजे त्या लग्नाच्या मंगलाष्टकांचं, वाचन सुरू झालं. सम्मती सुरू झाली की माणूस जागचा हलत नाही. मुठीत अक्षता धरून जो तो उभाच राहतो, कडेवरचं पोरसुद्धा गप्प होतं. मीही अडकले. मनात म्हटलं, संपलं. पण तो मात्र हलला. जन्मापासून इथलाच म्हणवणाऱ्याला एवढंही ठाऊक नव्हतं. उभ्या माणसांना ढकलत तो पोरीला बाहेर ओढू लागला आणि इतका वेळ ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, त्याच्याकडे सगळ्यांनी वळून पाहिलं.

त्याच्या वाटेत एक म्हातारी उभी होती, बोलण्यावरून दुधनीकडची असावी. तिने पद्माचा दुसरा हात धरला. आवाज चढवला नाही, पण त्या शांततेत मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"अक्षता पडायच्या आदी कुटं निगालीस, यव्वा? ह्यो कोन तुजा?"

तो म्हणाला, मी हिचा मामा. म्हातारीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुला न्हाय इचारलं. पोरीला इचारलं."

पद्माने मान वर केली. कित्येक दिवसांत मी तिचा चेहरा असा पाहिला नव्हता.

"कोनी न्हाय," ती म्हणाली. मग पुन्हा, मोठ्यानं, "ह्यो माजा कोनी न्हाय."

लोकांनी वाट दिली आणि मी तिच्यापाशी पोचले. हिचा फोटो माझ्याकडे आहे, असं तो दात खाऊन पुटपुटला. मी म्हटलं, "मग काढ की. हितंच दाखव सगळ्यांना. पोरीनं फोटो काढला, चोरी न्हाय केली." त्याने हात खिशाकडे नेला नाही, पळायला वळला. दोघा बाराबंदीवाल्यांनी त्याला दंडाला धरून तिथेच उभा ठेवला. सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम् असा गजर झाला, अक्षता पडल्या, आणि मग त्याला पोलिसांच्या हवाली केलं. या खेपेला मी कोण, हे कोणी विचारलं नाही.

पाया पडायला म्हणून मी म्हातारीला शोधलं, ती सापडली नाही. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. गल्लीत पुढे बरीच कुजबुज झाली, दिरांनी बोलणं टाकलं. पद्माची आई एका दुपारी येऊन माझ्या उंबऱ्यावर नुसती बसून राहिली, मी तिला चहा दिला. पद्माची बडबड परतायला फार वेळ लागला, पण परतली.

देवावर सोडणं म्हणजे घरात बसून वाट बघणं, असं मला आधी वाटायचं. त्या दिवशी मी भांडत, धापा टाकत गेले आणि जिथे माझे हात पोचेनात तिथे त्याने दुसरे हात पाठवले. तेव्हापासून त्याच्याशी भांडण नाही, नुसतं ऋण आहे. दरवर्षी अक्षता घेऊन उभी राहते तेव्हा मी आधी आजूबाजूला नजर फिरवते. कोणा पोरीचं मनगट कोणाच्या मुठीत दिसलं, तर जवळ जाऊन सगळ्यांदेखत विचारते, हा कोण तुझा? बहुतेक वेळा भाऊच निघतो आणि दोघं मला हसतात. हसू देत. सिद्धरामाच्या मांडवात मी विचारल्याशिवाय राहणार नाही.