लाल ठिपका

कानसेनांचा राग तसा कायम नाकाच्या शेंड्यावर. पण त्या सकाळी स्पीकरच्या मागचा लाल ठिपका पाहिला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ठिपका नेलपॉलिशचा. चाळीस वर्षं हे गृहस्थ हातानं स्पीकर बनवत होते; कानसेन हे नाव गिऱ्हाइकांनीच पाडलेलं. जोडी तयार झाली की समोर आपली खुर्ची टाकायची, डोळे मिटून ऐकायचं, मागचा बारीक स्क्रू फिरवून वरचा आवाज खालच्या खर्जाशी जुळवायचा आणि स्क्रूवर बायकोच्या बाटलीतला एक थेंब सोडायचा. म्हणजे पुढे कोणी त्याला हात लावायचा नाही. बायको गेली, तिच्या रंगाच्या दोन बाटल्या उरल्या होत्या. आजचा ठिपका त्या रंगाचा नव्हता, जरा गुलाबी होता.

"तूच केलंस हे," ते सुताराला म्हणाले. सुतार वीस वर्षं त्यांचे खोके बनवत होता.

"मी लाकडाला हात लावतो. तुमच्या स्क्रूला लावून मरायचंय का मला?"

"मग भुतानं केलं? अरे, वरच्या आवाजाची केसाहून पातळ पट्टी आहे आत. ॲल्युमिनियमची. चुण्या पाडून दोन चुंबकांच्या मधे टांगतो मी. विजेतून गाणं येतं आणि ती पट्टीच थरथरते, मधे दुसरं काही नाही. इथे जोरात शिंकायची मुभा नाही कोणाला, आणि तुम्ही मागून स्क्रू पिळता?"

"मी पिळला, बाबा."

मुलगी दारात उभी होती. हिशेबानं बोलणारी पोरगी, पण राग बापाचाच घेतलेला.

"कधीपासून?"

"दीड वर्ष. सगळ्या जोड्यांचा. या वेळी आईची बाटली तुमच्या खिशात होती, म्हणून माझी वापरली."

सुतार रंधा खाली ठेवून भिंतीकडे बघायला लागला.

"ती एक जोडी परत आली होती आठवतंय? कानाला टोचतंय म्हणाला होता तो. तुम्ही त्याला बहिरा म्हणून हाकलून दिलंत. मी मायक्रोफोन लावून मोजलं. टोचतच होतं."

"मोजणारं यंत्र मला शिकवणार?"

तिनं स्पीकर चालू केला, कसलंसं बटण फिरवलं. सुतारानं चटकन दोन्ही कान झाकले आणि तोंड वाकडं केलं. कानसेन वाट बघत राहिले.

"लाव की," ते म्हणाले.

"लावलंय, बाबा."

सुतार कानांवरचे हात काढेना. कानसेन त्या हातांकडे बघत राहिले. वरचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून आपण तो दर जोडीला वाढवत गेलो, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मग परत राग आला, आणि आधीचा बरा म्हणावा असा आला.

त्यांनी खर्जाच्या खोक्यावर थाप मारली. "या आतल्या हलणाऱ्या शंकूला मी दुसरी तार कशाला जोडली?"

"तो खरा किती हलला, ते मागे कळवायला."

"आणि कळलं की?"

"ॲम्प्लिफायर ताडून बघतो. सांगितल्यापेक्षा जास्त हलला तर तिथल्या तिथे आवरतो."

"ती तार कापली तर?"

"खर्ज घुमत सुटतो."

"मग दीड वर्ष मला घुमू दिलंस. कान गेले ते गेले, वय झालं. पण तू मागून निस्तरत राहिलीस आणि तोंडावर एक शब्द नाही. माझी तार कापलीस तू."

"मी नाही, तुम्ही कापलीत." आता तिचाही आवाज चढला. "आई म्हणाली होती, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही का तुम्हाला? चार दिवस अबोला धरलात तिच्याशी. ती अंथरुणाला खिळल्यावर म्हणाली, बापाला काही सांगायला जाऊ नकोस. मी नाही गेले."

कानसेनांनी मग आपली खुर्ची ओढून स्पीकरसमोर ठेवली.

"बस."

"ती तुमची आहे."

"बस म्हणतो ना."

ती बसली. त्यांनी नखानं गुलाबी ठिपका खरवडून काढला, आधी करत तसा स्क्रू स्वतःच्या कानाला बरा वाटेपर्यंत वर नेला आणि गाणं लावलं.

"सांग."

"जास्त आहे."

त्यांनी फिरवला.

"अजून जास्त."

गाण्यावर कोणी गोधडी टाकल्यासारखं त्यांना ऐकू यायला लागलं होतं.

"अजूनही जास्त आहे, बाबा."

दात आवळून त्यांनी आणखी फिरवला. आता तर त्यांच्या लेखी पट्टी मेलीच होती.

"बास. सुंदर आहे," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

कानसेनांनी बायकोची बाटली उघडली आणि स्क्रूवर थेंब सोडला. राग गेला नव्हता.

"यापुढे रोज सांगायचं," ते म्हणाले. "मी ओरडलो तरी."

आणि हे त्यांनी ओरडूनच सांगितलं.