काढता-घालता येणारी मोटार

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात किस्से का साठतात, याचं उत्तर सोपं आहे. मोटारीत नवी तार गुंडाळून लावलेलं वार्निश वाळायला वेळ लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, "थांबतो की, घेऊनच जातो." मग ते बाकड्यावर बसतं, चहा येतो, आणि चहा पोटात गेल्यावर गप्प बसलेला माणूस मी तरी सोलापुरात पाहिलेला नाही. नवी पेठेच्या मागच्या बोळात अण्णांचं दुकान होतं. सत्तरच्या दशकात मी तिथं वाइंडर होतो. यंत्रमागांच्या मोटारी, विहिरीवरचे पंप, लग्नाच्या मांडवातले पंखे, सगळं आमच्याकडं यायचं. पण त्या दुकानाचं नाव निघालं की मला आठवते ती एकच मोटार. ती आम्ही होडीला बसवली होती.

०००

होडी धोंडूमामांची. मामा टेंभुर्णीच्या पुढचे, भीमेत मासे धरत म्हातारे झालेले. उजनी धरणाचं पाणी अडवायला सुरुवात झाली आणि त्यांची नदी बघता बघता समुद्राएवढी झाली. त्यातच बैलगाडीवरून पडून त्यांचा उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं तो बसवला, पण वल्हं मारायची ताकद काही परत आली नाही.

आमच्या दुकानाची पाटी वाचून मामा आत आले आणि म्हणाले, "होडीला मोटार बसवून पायजे."

अण्णांनी सवयीनं विचारलं, "किती हॉर्सपॉवरचा?" अण्णांच्या घरात तेलुगू. मराठी बोलताना ते प्रत्येक वस्तूला पुरुष करून टाकायचे.

मामा म्हणाले, "घोडं कशाला? माझा एक हात गेलाय, तेवढा द्या."

मला एकदम गलबलून आलं. अण्णांनाही आलं असावं, कारण ते लगेच कामाला लागले. कागदावर नदीकाठचा पंप काढला, पंपापासून पाण्यात जाणारी लांबलचक वायर काढली, वायरच्या टोकाला होडी काढली. आमचा सगळा जन्म तीन फेजच्या लाईनवर गेलेला, दुसरं सुचणार काय?

आमचे टर्नर रशीदभाई लेथवरून मान वर न करता म्हणाले, "अण्णा, वायर कायकू? मामा घर कू शिजेली मच्छीच लेके जाते."

०००

शेवटी ठरलं ते असं. जुन्या बाजारातून मोटारगाडीचा एक डायनॅमो आणायचा. बॅटरीचा करंट दिला की तो मोटारीसारखा फिरतो. त्याला लांब सळई जोडायची, सळईच्या टोकाला टेबलफॅनचं पातं कापून छोटा पंखा लावायचा, आणि डायनॅमो होडीच्या टोकाला बसवून पंखा पाण्यात सोडायचा. बॅटरी चार्ज करायला मामांच्या शेजारी पाटलांचा ट्रॅक्टर होताच.

घोडं अडलं ते बसवण्यापाशी. मामांची होडी म्हणजे डांबराच्या पिंपांचा पत्रा ठोकून केलेली एका माणसापुरती अरुंद होडी, दोन्ही टोकांना सारखीच निमुळती. धरणावरच्या एका साहेबांनी ती बघून "अरे, ही तर कयाक! परदेशात अशाच एकट्याच्या होड्या असतात," म्हटल्यापासून सगळं गाव तिला कयाकच म्हणायचं. अण्णा म्हणाले, चार भोकं पाडायची आणि बोल्ट आवळायचे.

"माझ्या होडीला भोक पाडायचं न्हाय," मामा म्हणाले.

सोबत मामी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आन मोटार काढता-घालता आली पायजे. रोज घरी न्हेता येईल अशी."

चोराचिलटाची भीती असणार, असं आम्ही धरून चाललो.

रशीदभाई दोन दिवस विचार करत राहिले आणि तिसऱ्या दिवशी घरून शेवयाचं यंत्र घेऊन आले. हे यंत्र बाजेच्या कडेला स्क्रूनं कसं घट्ट बसतं, ते कुणाला सांगायला नको. त्यांनी त्याचा खालचा क्लॅम्प कापून डायनॅमोला वेल्ड करून टाकला. होडीच्या काठावर घालायचा, खालून पिळायचा, झालं. आम्ही रशीदभाईंना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

ईद तोंडावर आली होती, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही. संध्याकाळी रशीदभाईंच्या घरून भाभी येऊन दुकानाच्या दारात उभ्या. आत न येता त्यांनी विचारलं, "मेरी सेवय्यां की मशीन कां है जी?"

रशीदभाईंनी बोटानं डायनॅमो दाखवला.

भाभींनी तो खालपासून वरपर्यंत बघितला आणि म्हणाल्या, "हौ. फिर ईद कू इसमेंच निकालो."

त्या वर्षी रशीदभाईंकडं शीरखुर्म्यात बाजारच्या शेवया होत्या, आणि त्यांना वाटीभर कमीच मिळाला असं ते सांगत.

०००

मोटार पाण्यात चालवून बघायला सोलापुरात पाणी कुठलं? अण्णांचे मेहुणे सूत रंगवायचे. त्यांच्याकडं मोठा हौद होता. रविवारी कारखाना बंद असताना आम्ही तिथं गेलो, हौदाच्या कठड्याला क्लॅम्प आवळला आणि बॅटरी जोडली.

हौद रिकामा करायचा राहून गेला होता. चादरीचा लाल रंग तसाच आत होता.

पंखा असा काही फिरला, की मोटार उत्तम चालते याबद्दल तिघांच्या मनात शंका राहिली नाही. तो रंग पक्का असतो, हे मेहुण्यांनी आम्हाला नंतर अभिमानानं सांगितलं. आम्ही तिघं लालभडक होऊन नवी पेठेतून निघालो तेव्हा ओळखीचे कापडवाले गादीवरून उठून बघायला आले. एकानं विचारलं, "अण्णा, रंगपंचमी झाली की कधीच?"

अण्णा चालता चालता म्हणाले, "आमचा आत्ता झाला."

०००

आमच्या दुकानाची एक रीत होती. नारळ फोडल्याशिवाय मोटार गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. उंबऱ्याशी एक दगड होता, त्यावर अण्णा स्वतः नारळ फोडायचे. होडीची मोटार मात्र पाण्यावर नेऊन तिथंच फोडायची, असं त्यांनी ठरवलं.

टेम्पोतून आम्ही मामांच्या गावी गेलो. काठावर अर्धं गाव जमलं होतं. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मोटार होडीला बसली, बॅटरी ठेवली, हळदकुंकू झालं. अण्णा नारळ घेऊन दगड शोधायला लागले. धरणाचं पाणी मागं हटलेली ती जागा, जिकडं तिकडं मऊ गाळ. दगड म्हणून औषधाला नाही.

अण्णांनी इकडं तिकडं बघितलं, नारळ कपाळाला लावला आणि होडीच्या काठावर दिला दणका.

नारळ एका दणक्यात फुटला. पत्र्याचा सांधाही फुटला. होडीत एका बाजूनं नारळाचं पाणी पडलं आणि दुसऱ्या बाजूनं उजनीचं आत येऊ लागलं.

मामा शांतपणे म्हणाले, "भोक पाडायचं न्हाय म्हणलं होतं की मी."

०००

सांध्याला डांबर भरून पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. या खेपेला अण्णांनी नारळ सोलापूरहून फोडूनच आणला होता. मामा होडीत बसले, मी बटण दाबायला सांगितलं, आणि होडी निघाली. उलटी. मामांचं तोंड धरणाकडं आणि होडी आमच्याकडं.

लोक हसले. मी नाही हसलो. मोटार उलटी फिरणं हा आमच्या धंद्यात डाव्या हाताचा मळ. तीन फेजमधल्या कुठल्याही दोन वायरी बदलल्या की मोटार सुलटी. इथं तर वायरीच दोन. मी ऐटीत पाण्यात शिरलो आणि बॅटरीच्या वायरी अदलाबदल करून दिल्या.

होडी निघाली. उलटी.

मग अण्णा पाण्यात उतरले. "तुला जमला नाही," म्हणत त्यांनी वायरी बदलल्या, म्हणजे होत्या तशाच केल्या. होडी उलटी. रशीदभाईंनी बदलल्या. उलटी. डायनॅमोच्या वायरी बाहेरून कितीही बदला, तो आपली दिशा सोडत नाही, आतलं कनेक्शन बदलावं लागतं, हे मला पुढं कधीतरी एका पुस्तकात सापडलं. त्या दिवशी आम्ही तिघं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून एकमेकांना वेड्यात काढत होतो.

मामा बराच वेळ आमचं भांडण ऐकत होते. मग ते जपून उठले, होडीत मागं तोंड फिरवून बसले, आमच्याकडून होडी धरणाकडं वळवून घेतली आणि बटण दाबलं. होडीची दोन्ही टोकं सारखीच. ती सरळ निघाली, मोटार पुढं आणि मामा मागं.

"अहो मामा, मोटार मागं असते!" मी ओरडलो.

मामा जाता जाता म्हणाले, "आसू दे की. बैल फुडंच आसत्यात."

पार लांब, जुन्या देवळाचा कळस पाण्यातून वर दिसत होता तिथवर ते गेले आणि वळून आले. खांदा निखळल्यापासून त्यांनी तिथवर होडी नेली नव्हती. काठाला लागल्यावर ते जपून उतरले. डाव्या हातानं डोळे पुसले आणि आम्हा तिघांना मासे खाऊ घातले. अण्णा शाकाहारी होते. त्या दिवशी त्यांनी रस्सा खाल्ला आणि सोलापुरात कुणाला सांगू नका म्हणाले. आज पहिल्यांदा सांगतोय.

०००

काही महिन्यांनी मामा दुकानात आले ते कुरकुरतच.

"तुमी ही मोटार काढता येती आशी का केली?"

मामी रोज संध्याकाळी मोटार घरी नेत, पुसून धान्याच्या कणगीत ठेवत आणि कणगीला लागून स्वतःचं अंथरूण टाकत. सकाळी उठून आधी अंगणात जायचं, वारा बघायचा, ढग बघायचे, मग मामांचा चेहरा बघायचा. पसंत पडलं तर मोटार बाहेर निघायची. नाही पडलं तर मामा घरात.

"परवा वारं न्हाय, काय न्हाय," मामा म्हणाले. "तरी दिली न्हाय. म्हणती, रातभर खोकत हुता."

"मग बरोबर आहे की मामींचं," मी म्हणालो.

"बरूबर हाय हो," मामा म्हणाले. "म्हणूनच लई राग येतुया."

०००

त्यानंतर मामा आले ते दसऱ्यानंतर, आणि बाकड्यावर बसून घरचं सांगायला लागले. त्यांचा मुलगा सुरेश पिंपरीला कारखान्यात होता. गुणी मुलगा, पण एका हाताचा बाप एकटा एवढ्या पाण्यात जातो म्हणून त्याचा जीव टांगणीला. कधीपासून पुण्याला चला म्हणून मागं लागला होता. दसऱ्याला आला तेव्हा त्यानं बघितलं, की मोटार कणगीत असली की बाप निमूट घरात बसतो. त्यावर त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "दिवाळीला येतो आन मोटारच पिंपरीला घिऊन जातो. मग बगू कसं येत न्हाय तुमी."

"जायचा का मग?" अण्णांनी विचारलं.

मामा म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर खोली हाय त्येची. नळाला येतंय तेवढंच पाणी." आणि चहा अर्धा ठेवून उठून गेले.

पुढच्याच आठवड्यात मामी आल्या. एसटीनं, एकट्या. पदराखाली गुंडाळून मोटार आणली होती. आम्हाला वाटलं, परत करायला आल्या. रशीदभाईंनी लेथ बंद केला.

मामींनी मोटार टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "हिच्यासारकी आणि एक करून द्या. दिवाळीच्या आत."

अण्णा म्हणाले, "मामी, एका कयाकला दोन मोटार कशाला?"

"रंग आसाच पायजे. ह्यो पोचा हाय, त्यो बी हितंच पायजे. वजन बी हिच्याएवढंच."

"सगळा होतो," अण्णा म्हणाले. "पण तसा डायनॅमो आता बाजारात नाही. चालणारा मिळायला वेळ लागतो."

"चालाया कशाला पायजे?" मामी म्हणाल्या. "ती पोराला न्हेयाला हाय."