बारावा खिळा

न्यायाधीशांचं आणि त्या सुईणबाईंचं काहीतरी होतं, अशी कुजबुज आमच्या गल्लीत बरीच वर्षं चालली. नाहीतर एवढ्या मोठ्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून तिचा फोटो कसा? मीही ही बातमी दोन-चार घरी पोचवली आहे. खोटं कशाला बोलू?

झालं होतं असं. आमच्या आडनावाची माणसं पायलीची पन्नास. त्यांच्या मंडळाने हॉल बांधला आणि आडनावातले अकरा नामवंत भिंतीवर टांगायचं ठरवलं. न्यायाधीश, सर्जन, प्राचार्य, एक पैलवानसुद्धा. फ्रेमांचं काम अर्थातच आडनावातल्याच फ्रेमवालीकडे गेलं. बाई हाताची कसबी, जिभेची त्याहून.

यादी बघून तिने विचारलं, "यात माझी आई कुठाय?"

सेक्रेटरी हसले. "अगं, ही नामवंतांची यादी. सुईणीचं कसलं आलंय नाव?"

"जे तुमचं, तेच."

एवढं बोलून ती कामाला लागली. आम्हाला वाटलं, गप्प बसली बिचारी.

उद्घाटनाच्या सकाळी सेक्रेटरींनी पडदा जरा सरकवून पाहिला, तर फ्रेमा बारा! न्यायाधीश आणि सर्जन यांच्या मधोमध सुईणबाई, बाह्या वर सारून खुशाल हसताहेत.

"आत्ताच्या आत्ता काढ ती!"

"तुम्हीच काढा की," फ्रेमवाली म्हणाली. "बारा खिळे सारख्या अंतरावर ठोकलेत. मधली काढलीत, तर पडलेल्या दातासारखं खिंडार दिसेल. हॉल भरलाय, पाहुणे दारात आलेत, बघा."

"पण तिने या आडनावासाठी केलं काय?"

"तुम्हाला ते जन्मताच फुकट मिळालं, काका. ती लग्न करून आली, आणि पुढे चाळीस वर्षं लोक तेच नाव घेत आमच्या दारी धावत यायचे. न्यायाधीशाकडे कुणी धावत गेलेलं पाहिलंय?"

सेक्रेटरी चिडून स्वतःच स्टूल ओढायला लागले. पहिल्या रांगेत त्यांच्या मातोश्री बसल्या होत्या.

"ठेव ते खाली!" म्हातारी कडाडली. "पायाळू होतास तू. तिनेच ओढून काढला तुला. तेव्हाही अडला होता मेला, आजही अडूनच बसलाय!"

हॉल खदखदून हसला. स्टूल जागेवर गेलं.

मंडळाने नंतर 'फोटो काढावा' म्हणून फ्रेमवालीला तीन पत्रं पाठवली. तिन्ही तिने काच-चौकट करून परत धाडली.

राहिली ती कुजबुज. न्यायाधीश आणि सुईणबाई आयुष्यात एकदाही भेटले नव्हते. फोटो तिथे आहे, कारण लेकीने तो तिथे लावला.