पिवळी गोटी उचलायची नाही!

एकट्यानं नोकरी करणाऱ्या माणसाकडे किस्से फार साचतात. चारचौघांत काही घडलं तर तिथल्या तिथं हसून संपतं. आम्हा सबस्टेशनच्या ऑपरेटरांचं तसं नाही. खोलीत एक टेबल, एक फोन, समोर पॅनल, आणि बाहेर कुंपणात घूंऽऽ करणारा ट्रान्सफॉर्मर. सांगणार कोणाला? मग शिफ्ट बदलताना जो येईल त्याच्या अंगावर सगळं ओतायचं. तो बिचारा अजून हेल्मेट काढत असतो!

आमचं सबस्टेशन चिखलीपासून जीपनं अर्ध्या तासावर, गावाबाहेर, सोयाबीनच्या वावरांमध्ये. आम्ही तिघं. सगळ्यांत सीनियर रहीम चाचा, राहणार चिखली. दुसरा देविदास, मूळचा वरवट बकालचा, बोलण्यात कोणाच्या बापाला हार न जाणारा. तिसरा मी. आणि आमचे निम्मे किस्से एकाच वस्तूभोवती फिरतात, ती म्हणजे चाचांचा गोट्यांचा बोर्ड.

*

तो बोर्ड चाचांनी चिखलीच्या बाजारातून नातवासाठी घेतला होता. गोल लाकडी पाट, त्यात अधिकच्या चिन्हासारखे खड्डे. मधला खड्डा रिकामा, बाकी सगळ्यांत गोट्या. एका गोटीनं शेजारणीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या खड्ड्यात जायचं. जिच्यावरून उडी मारली ती उचलून डब्यात. असं करत करत शेवटी एकच गोटी उरली पाहिजे, आणि तीही बरोबर मधल्या खड्ड्यात.

नातवानं बोर्ड उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "आबा, याची चार्जिंगची पिन कुठी हाय?"

दुसऱ्या दिवशी बोर्ड सबस्टेशनवर आला.

देविदासनं तो पाहिला आणि त्याची चौकशी सुरू झाली. "चाचा, समोर कोन बसते?"

"कोनी नाही."

"मंग हरवायचं कोनाले?"

"सोताले."

"सोताले तं मी रोजच हरवून राह्यलो! त्याच्यासाठी बोर्ड कायले पाहिजे?"

असं म्हणून गडी टेबलाशी बसला. त्याची शिफ्ट केव्हाच संपली होती. घरून बायकोचा फोन आला तेव्हा म्हणतो, "येतो न व! मीटिंगमधी हावो!"

*

खरं सांगतो, या खेळासारखा खेळ नाही. पत्त्यांना चार टाळकी जमवावी लागतात, कॅरमला निदान एक गिऱ्हाईक पाहिजे. जिंकलं की समोरचा रुसतो, हरलं की आपण रुसतो. इथं रुसवाफुगवी नाही, तू-तू मैं-मैं नाही. जेवढा वेळ मिळाला तेवढा तुझा. मोबाईलवर खेळताना डोकं बधिर होतं, इथं उलट लख्ख होतं.

पण चाचांचा एक कायदा होता. एकदा बसलं की एका बैठकीत संपवायचं. मध्येच उठलं की गोट्या भरून पहिल्यापासून!

मी म्हणालो, "चाचा, गोट्या कुठं पळून जातात का? परत येऊन खेळा की तिथूनच."

"नाही बे. मधात तुटलं ते तुटलं. बिना ट्रिपिंगचा डाव पाहिजे."

आणि सबस्टेशनवर बिना ट्रिपिंगचं काय असतं हो! दर तासाला रीडिंग घ्यायला उठायचं, ते एक ठरलेलं. दोन रीडिंगच्या मध्ये फोन. त्यामुळे चाचांचा डाव कधी पूर्ण झालाच नाही. वर्षं गेली. रिटायरमेंट जवळ येत चालली आणि चाचांच्या मनानं एकच घेतलं, "जायच्या आंधी एक डाव. फकत एक! ह्याच टेबलवर!"

"घरी खेळा की निवांत," मी म्हणालो.

"घरी झाला तं काय झाला? जिंदगी ह्या टेबलवर गेली न."



*

फोनचं सांगतो. आमचा फोन म्हणजे अख्ख्या पंचक्रोशीचा. गावातल्या डीपीचा, म्हणजे छोट्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडाला तर आम्हाला इथं पॅनलवर काहीसुद्धा दिसत नाही. लोकांनी फोन केला तरच कळतं, मग आम्ही लाईनमन धाडतो. म्हणून फोन वाजला की उचलायचाच. चाचा तर दुसरी रिंग होऊ देत नसत.

एक आजी होत्या. लाईन गेली म्हणून नाही, लाईन असताना फोन करायच्या!

"बापू, जाईन का रे आता?"

"काय जाईन आजी?"

"लाईन! जानार असन तं आताच सांग. माह्यं दयन गिरनीत टाकून राह्यले मी. अर्धं पीठ अन् अर्धे गहू घेऊन घरी जाऊ का?"

चाचा बोर्ड सोडून पॅनल बघायचे, लोड बघायचे आणि अदबीनं सांगायचे, "टाका आजी, बिनधास्त टाका." मग परत येऊन गोट्या पहिल्यापासून भरायचे. आजींचं दळण झालं, चाचांचा डाव गेला!

*

देविदासनं एकदा जाहीर केलं, "झाली! एकच गोटी! मधात!" आणि बोर्ड पुढं केला. खरंच, मधल्या खड्ड्यात एकटी गोटी चमकत होती. मी तर उठून त्याच्या पाठीवर थाप मारली.

थाप मारली आणि देविदासच्या पँटमधून आवाज आला. खळ्ळ!

चाचा चष्म्यावरून बघत म्हणाले, "खिसा काऊन वाजून राह्यला बे?"

खिशातून तीन गोट्या निघाल्या. देविदास लाजला, असं मी म्हणणार नाही. तो म्हणाला, "चाचा, समोर कोनी नव्हतंच, मंग फसवलं कोनाले?"

"तेच तं वाईट हाय न," चाचा म्हणाले. "दुसऱ्याले फसवलं तं तो भांडून मोकया होते. सोताले फसवून तू तक्रार कोनाकडे करशीन?"

तेव्हापासून देविदास खेळायला बसण्याआधी खिसे उलटे करून दाखवतो. कोणी विचारत नाही तरीही!

*

आता नामदेव काका. पलीकडच्या खेड्यातले मिरचीवाले शेतकरी. आवाज असा की यांना फोनची खरं तर गरजच नव्हती. एका दुपारी वरूनच, मोठ्या सबस्टेशनातूनच, सप्लाय गेला, काकांच्या मिरचीचं पाणी थांबलं, आणि काका चार माणसं घेऊन मोटरसायकलींवरून थेट सबस्टेशनवर! दारातून त्यांना दिसलं ते असं: टेबलावर गोट्या मांडलेल्या, आणि चाचा शांतपणे एकेक उचलून डब्यात टाकताहेत.

"पाहा! पाहा लेकहो!" काका मागच्यांना म्हणाले. "आपल्या डोयादेखत एकेक गाव बंद करून राह्यले!"

चाचांना काही कळेना. काका टेबलाशी आले. "चाचा, इमानानं सांगा. आमच्या गावची गोटी कोनती?"

चाचा कधी कोणाची मस्करी न करणारे. पण त्या दिवशी काय अंगात शिरलं कोण जाणे! निळ्या-हिरव्या गोट्यांत एकच पिवळी होती. तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही."

"उचलायची नाही!"

"काका, खेयात उचला लागते."

"फिरवा पाहिजे तितकी. पन डब्यात नाही टाकायची!"

आणि नशीब बघा, नेमका त्याच मिनिटाला वरून सप्लाय आला. चाचांनी उठून ब्रेकर टाकला, लाईन चालू! काकांनी पिवळ्या गोटीला हात जोडले. बाकीच्या चौघांनीही जोडले.

चाचांनी मग सगळ्यांना चहा पाजला आणि खरं काय ते सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. "समजलं. खेय हाय. पन पिवयी उचलायची नाही."

झालं! चाचांच्या डावाला आणखी एक अट लागली. पिवळी मधल्या ओळीत, काठापासून दुसरी लावायची, आणि शेवटी मधल्या खड्ड्यात तीच आली पाहिजे. मी म्हणालो, "चाचा, आधीच होत नाही, त्यात हे कशाला?"

"जबान देल्ली न बे."

पुढं काकांना नादच लागला. वावरातून येता-जाता खिडकीशी उभे राहायचे आणि तोंडातून शब्द काढायचे नाहीत. नामदेव काका गप्प उभे आहेत, हे मी घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "काहीतरीच!"

*

साहेबांचं राहिलंच की. अचानक तपासणीला आले, बोर्ड दिसला, आणि भडकले. "ड्युटीवर खेळ? हे जप्त!" बोर्ड गाडीत टाकून घेऊन गेले. चाचांचं तोंड एवढंसं झालं.

आठवड्यानं साहेब स्वतः बोर्ड घेऊन परत आले. डोळे लाल. टेबलावर ठेवत म्हणाले, "ड्युटीत व्यत्यय येणार नसेल तर... ठीक आहे." दारापर्यंत गेले, वळले, आणि हळूच विचारलं, "तुमच्या किती उरतात?"

"दोन, साहेब."

"माझ्या चार. मिसेसची एक!"

तेव्हापासून साहेबांचा फोन आला की आधी लोड विचारतात, मग आवाज खाली करून, "बरं, किती उरल्या?"

*

एक किस्सा मात्र हसण्याचा नाही, पण सांगतो. चाचांवर माझा जीव जडला तो त्या दिवशी.

मी शिफ्टला आलो तेव्हा बोर्डावर दोनच गोट्या होत्या. पिवळी, आणि तिच्या शेजारी एक निळी. पलीकडे मधला खड्डा रिकामा. एक उडी, की झालं! चाचांचा हात पिवळीवर टेकला, आणि फोन वाजला.

चाचांनी हात उचलला. उडी मारायला किती वेळ लागतो सांगा? पण दुसरी रिंग होऊ दिली नाही. कोणाच्या तरी वावरात तार तुटून पडली होती, जवळच बैल बांधलेले. चाचांनी त्याच पावली त्या बाजूच्या लाईनचा फिडर बंद केला, लाईनमनला धाडलं, आणि बैल सुखरूप असल्याचा उलटा फोन येईपर्यंत पॅनलपासून हलले नाहीत.

मग टेबलाशी आले. डबा उघडला आणि एकेक गोटी खड्ड्यांत भरायला लागले. मला राहवेना. "चाचा! एकच तर उडी होती! मारा की आता! मी कोणाला सांगणार नाही!"

"उठलो न बे," चाचा म्हणाले.

मी बाहेर जाऊन उगाच ट्रान्सफॉर्मरकडे बघत उभा राहिलो. असा माणूस रोज आपल्याच खुर्चीवरून उठतो आणि आपण तिथं बसतो, याचं मला फार अप्रूप वाटलं.

*

आणि शेवटचा दिवस उगवला. चाचांची शेवटची ड्युटी, दिवसपाळी. मी हार घेऊन लवकर आलो, देविदास पेढे घेऊन आला. आम्ही आत जाणार तोच खिडकीतून दिसलं: दोनचं रीडिंग झालेलं, आणि चाचा बोर्ड मांडून बसलेले. आम्ही पायरीवरच बसलो.

देविदास कुजबुजला, "वाजन आता. पाह्य तू, वाजनच!"

नाही वाजला. गोट्या निम्म्या झाल्या. फोन गप्प. चैत्राचं ऊन, घराघरात कूलर चालू, आणि सबस्टेशनचा फोन गप्प! असं मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं.

"बंद तं नाही पडला?" देविदास उठायला लागला. मी त्याचा शर्ट धरून खाली बसवला. "मोडशील बे डाव! बस!"

पाच उरल्या. चार. चाचा फार वेळ थांबले. घाम पुसला. तीन. पिवळी अजून होती! फोनकडे बघून बघून माझी मान दुखायला लागली. दोन.

चाचांनीही एकदा फोनकडे पाहिलं. वाट पाहिल्यासारखं. मग पिवळी उचलली, निळीवरून नेली आणि मधल्या खड्ड्यात ठेवली. निळी डब्यात पडल्याचा आवाज पायरीपर्यंत आला.

चाचांनी चष्मा काढला, डोळ्यांना रुमाल लावला. देविदास माझ्या गळ्यात पडून रडायला लागला. पेढ्यांचा डबा पायरीवरून गडगडत गेला!

आम्ही हार घालत होतो आणि फोन वाजला. चाचांनी सवयीनं पहिल्याच रिंगला उचलला. देविदासनं स्पीकर चालू केला. नामदेव काकांचा आवाज, पण आयुष्यात पहिल्यांदा हळू.

"चाचा, ड्युटी सरत आली म्हून लावला. झालं का? नसन झालं तं ठेवतो मी, सावकाश होऊ द्या."

"झालं, काका."

"पिवयी?"

"मधात बसली हाय."

पलीकडे काकांनी कोणाला तरी सांगितलं, आणि फोनमधून असा गलका उठला की देविदासनं कानावर हात ठेवले. बायका, पोरं, म्हातारे, गावच्या गाव ओरडत होतं.

"लय चांगलं झालं!" काका आता त्यांच्या नेहमीच्या आवाजात आले. "सकायीच गावोगावच्या मंदिराच्या भोंग्यावरून सांगतलं होतं, चाचाची गोटी बसेपर्यंत सबस्टेशनले कोनी फोन लावायचा नाही म्हून. मंग आता लाईनमन धाडता का बाप्पा? आमच्या डीपीचा फ्यूज सकायपासून उडेल हाय!"