किल्लीवाल्याने दाखवलेला अपघात

कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याने बस आणि सायकलचा अपघात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि तेव्हापासून त्याचं कामात लक्ष लागेना. कुणी नुसतं "नक्की झालं काय हो?" विचारायचा अवकाश, हा स्टूल ओढून बसचा ड्रायव्हर व्हायचा. कोऱ्या किल्ल्या ओवलेली तारेची मोठी कडी हे स्टिअरिंग. मग उठून सायकलवरचा दूधवाला व्हायचा, रस्त्यात लोळायचा, पाय धरून विव्हळायचा. विव्हळणं तर असं, की खुद्द दूधवाल्यालाही जमलं नसेल!

माणूस वाईट नव्हता. पण उभ्या जन्मात लोकांनी ज्याच्याकडे फक्त कुलपापुरतं पाहिलं, त्याच्याभोवती आता घोळका जमत होता. एके दिवशी ड्रायव्हर होताना त्याने सहज मोबाइल कानाला लावल्यासारखं केलं. लोकांच्या तोंडून "अरेरे!" निघालं. झालं, मोबाइल कायमचा आला. घोळक्यात एकदा बस डेपोचे साहेब उभे होते. त्यांनी चौकशी होईपर्यंत ड्रायव्हरला घरी बसवलं. ते ऐकून हा जरा चपापला, पण माणसं जमली की हात पुन्हा कानाला!

परवा ड्रायव्हरची बायको आली. भांडायला नाही.

"दादा, मलाही एकदा दाखवा," ती म्हणाली. "यांचे हात नेमके कुठे होते?"

माणसं जमलेलीच होती. तो कडी घेऊन स्टुलावर बसला. सवयीने हात वर गेला आणि अर्ध्यातच अडकला. बाई त्या हाताकडे बघत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मोबाइल मी घातला, ताई," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "दोन्ही हात स्टिअरिंगवर होते."

मग त्याने सुरुवातीपासून सावकाश दाखवलं. "इथे दूधवाला मागे न बघता वळला. इथे तुमच्या मालकांनी ब्रेक दाबला." त्याने पाय जमिनीवर दाबून धरला. लोळणं नाही, विव्हळणं नाही. "आज मजा नाही आली राव," म्हणत लोक पांगले.

"ब्रेक पाहिला होतात, तर रोज का नाही दाखवलात?"

त्याची मान खाली गेली. "ब्रेकला कुणी अरेरे म्हणत नव्हतं."

 बाईने वाकून स्टूल उचललं.

"चला डेपोत. साहेबांना हेच दाखवा."

तो कडी घेऊन तिच्यामागून निघाला. वर बघायची त्याची हिंमत नव्हती.